परग्रहावरचा भाऊ



आकाशयाने, परग्रहावरची माणसे आणि चकाकणारी यंत्रे दाखवणारे चित्रपट म्हणजे पैशाचा खेळ, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी नाही. १९८३ साली अमेरिकेत अशा प्रकारच्या एका गाजलेल्या चित्रपटावर तीन कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. परंतु पुढच्याच वर्षी, १९८४ साली, जॉन सेल्स नावाच्या लेखक-दिग्दर्शकाने सुमारे साडेतीन लाख डॉलरांत एक विज्ञानपट तयार केला. म्हणजे जवळजवळ शंभरावा हिस्सा! त्याला एक मोठी शिष्यवृत्ती मिळाली होती. तिच्यातलाही पैसा त्याने यात घातला. चित्रपटाचे नाव ‘द ब्रदर फ्रॉम अनदर प्लॅनेट’, म्हणजे ‘परग्रहावरचा भाऊ’.

आता गोष्ट ऐका. न्यूयॉर्कच्या बंदरात एक यान कोसळते. त्यातून एक काळ्या वर्णाचा माणूस लंगडत एलिस बेटावर येतो. १८९२ ते १९५४ या काळात परदेशांतून अमेरिकेत आलेल्या एक कोटीहून अधिक लोकांची तपासणी याच बेटावर झाली. हा पाहुणा तिथल्या ओसाड इमारतीच्या भिंतीला हात लावतो, आणि पूर्वी तिथे येऊन गेलेल्या माणसांचे आवाज त्याला ऐकू येतात. पुढे तो हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत पोहोचतो. त्याच्या पायांना तीनच बोटे आहेत. हात ठेवला की जखम भरते, बिघडलेले यंत्र चालू होते. पण त्याला बोलता येत नाही. जो मॉर्टन या नटाने ही भूमिका अखेरपर्यंत एक शब्दही न बोलता, नुसत्या डोळ्यांनी वठवली आहे.

हा मनुष्य आहे तरी कोण? तो आपल्या ग्रहावरून पळालेला गुलाम आहे. काळे कपडे घातलेले दोन गोरे पुरुष त्याला पकडायला मागोमाग येतात. त्यांतला एक स्वतः दिग्दर्शकच, बरं का! नट कमी लागला, तेवढाच खर्च वाचला.

येथे थोडा इतिहास सांगावयास हवा. अमेरिकेत १८५० साली एक कायदा झाला. पळालेला गुलाम कुठेही सापडला तरी तो धन्याच्या हवाली झालाच पाहिजे. आणि जो त्याला लपवील त्याला हजार डॉलरांपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. तरीही कित्येकांनी आपल्या घरांची दारे रात्री-अपरात्री उघडली. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. त्या लढ्याचा आपल्याशीही संबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केलेले आहे.

तेव्हा सेल्सने आकाशाकडे बोट दाखवले खरे, पण बोलायचे होते जमिनीवरचे. एका प्रसंगात हा पाहुणा संग्रहालयात पळालेल्या गुलामाचे चित्र पाहतो आणि सोबतच्या मुलाला खुणेने सांगतो, हा मीच. आगगाडीतला प्रसंग तर फारच बोलका आहे. एक गोरा तरुण त्याला पत्त्यांची जादू दाखवतो आणि शेवटी म्हणतो, आता डब्यातले सगळे गोरे लोक नाहीसे करून दाखवतो. गाडी थांबते आणि सगळे गोरे खरोखरच उतरून जातात. कारण पुढचे स्टेशन हार्लेमचे! हा चमत्कार करायला यंत्र लागत नाही. समाजानेच तो करून ठेवलेला आहे. आणि वस्तीतल्या एका पोराचा अमली पदार्थाने बळी जातो, तेव्हा हा मुका माणूस विषाचा माग काढत जातो तो थेट उंच इमारतीत बसलेल्या एका प्रतिष्ठित गोऱ्या गृहस्थापर्यंत.

पण मला विशेष वाटतात ती हार्लेममधली साधी माणसे. गुत्त्यात बसणारी ही मंडळी पहिल्यांदा त्याची थट्टा करतात, तर्क लढवतात. मग कोणी त्याला काम मिळवून देतो, कोणी राहायला खोली. आणि ते दोन काळे कपडेवाले चौकशीला आले की सगळ्यांची तोंडे बंद! त्याचा ग्रह कुणाला ठाऊक नाही. पण एक माणूस पळतो आहे आणि दुसरे त्याला धरू पाहताहेत, एवढे त्यांना पुरते. ‘ब्रदर’ ही तिथल्या काळ्या लोकांची आपसांतली हाक आहे. आपण अनोळखी माणसालाही ‘भाऊ’ म्हणतो ना, तशीच. शेवटी तो पकडला जातो, तेव्हा त्याच्यासारखेच पूर्वी पळून आलेले, वस्तीत मिसळून गेलेले लोक भोवती गोळा होतात आणि पाठलाग करणाऱ्यांचा बेत फसतो.

शिक्षक मित्रहो, वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. मग मुलांना विचारा : असा एक मुका, अनोळखी माणूस संध्याकाळी आपल्या गावच्या पारावर येऊन बसला, तर आपण प्रथम काय करू? पाण्याचा तांब्या पुढे करू, की आधी त्याचे आडनाव, गाव आणि जात विचारू? मुले खरे तेच सांगतील. ती उत्तरे घरी मोठ्यांच्याही कानांवर घालावीत.