आजोबांच्या डब्यातले 'कलदार' आणि तुमचं भांडवल



वाटणीत जुन्या नाण्यांचा डबा आला की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, "लाखो मिळतील, दुकान टाकू." दुसरा म्हणतो, "मोड आहे, सराफाला देऊन टाका." दोघंही मोजमाप न करता बोलतात. धंदेवाला माणूस आधी मोजतो, मग बोलतो.

आधी दोन ढीग करा. आपलं संभाजीनगर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळे इथल्या डब्यात दोन सरकारांचे रुपये सापडतात. इंग्रजांचा तो 'कलदार', निजामाचा तो 'हाली'. सरकारी दर साधारण 7 हालीला 6 कलदार असा होता. हाली रुपयावर चारमिनार असतो आणि साल हिजरी असतं. कमानीत 'मीम' अक्षर असेल तर नाणं महबूब अली खान यांचं, 'ऐन' असेल तर उस्मान अली खान यांचं.

घासलेलं नाणं कसं ओळखायचं? खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरा, पुसट रेषा दिसतात. बाईचा चेहरा म्हणजे राणी व्हिक्टोरिया. 1877 पासून तिच्या नावामागे 'क्वीन'ऐवजी 'एम्प्रेस' आलं. मुकुट नसलेला राजा म्हणजे सातवा एडवर्ड (1903 ते 1910). मुकुटवाला दाढीधारी म्हणजे पाचवा जॉर्ज (1911 ते 1936). मुकुट आहे पण दाढी नाही, तर सहावा जॉर्ज.

आता वजनकाटा. कलदार रुपयाचं मूळ वजन 11.66 ग्रॅम, त्यात चांदी 91.7 टक्के. पण 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली. मागे वाघ असलेला 1947 चा रुपया निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. हाली रुपया साधारण 11.18 ग्रॅम, चांदी 81.8 टक्के.

हिशोब सोपा आहे. घासून 11.40 ग्रॅम उरलेला राणीछाप रुपया घ्या. 11.40 गुणिले 0.917, म्हणजे 10.45 ग्रॅम शुद्ध चांदी. समजा भाव ग्रॅमला 100 रुपये, तर धातूची किंमत 1,045. 1940 नंतरच्या रुपयात मात्र याच्या जेमतेम निम्मी चांदी. सगळे एकाच भावात दिले, तर तोटा तुमचाच.

ही झाली तळाची किंमत. वरचा भाव साल, टांकसाळ आणि अवस्था यांवर ठरतो. 1911 चा 'डुकराचा रुपया' (राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला) आणि 1939 चा रुपया संग्राहक शोधत असतात. घासलेल्या सर्वसाधारण नाण्याला मात्र बहुतेक वेळा चांदीचाच भाव येतो. माळेसाठी कडी डाकलेली असेल तर संग्राहक अजून कमी देतो. तांब्याचा ढब्बू, भोकाचा पैसा हे आठवण म्हणून ठेवा.

चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

1. चिंच, राख, लिंबू लावून नाणी चकचकीत करू नका. संग्राहकाच्या नजरेत भाव पडतो.
2. "रिझर्व्ह बँक जुनी नाणी घेते, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर ठेवून द्या. अशा फसवणुकीबद्दल बँकेने स्वतः ऑगस्ट 2021 मध्ये इशारा दिलाय.
3. वाडा पाडताना जमिनीत हंडा सापडला तर तो वारसा नव्हे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.
4. जुन्या नाण्यांचाच धंदा करायचाय? शंभर वर्षांपुढची नाणी पुरावस्तू ठरतात. 1972 च्या कायद्यानुसार त्यांच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो.

सराफ्यात जाण्याआधी वहीत यादी करा: साल, राजा, वजन, फोटो. किमान तीन ठिकाणी भाव विचारा. बहीण-भावांचा हिस्सा असेल तर यादी त्यांच्यासमोरच करा, म्हणजे नंतर भांडण नाही. आणि पैसा हातात येईपर्यंत हा डबा भांडवलात धरू नका. दुकानाचं डिपॉझिट डब्याच्या भरवशावर देऊ नका.

माल ओळखा, मोजा, मग भाव करा. किराणा असो की कलदार, धंद्याचा नियम एकच!