विहिरीतील इंजिनाचा धूर

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खोल गेले म्हणजे पंपाचे इंजिनही आत उतरविण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. पंप सुमारे ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढू शकत नाही, तेव्हा शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु हा उपाय जिवावर बेततो.

इंजिनात इंधन अपुरे जळाले की कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. पेट्रोल व रॉकेलच्या इंजिनात तो विशेष असतो. डिझेलच्या धुरात कमी असला तरी कोंडलेल्या विहिरीत तोही घातक होय. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्यास २०० पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते. पुढे पायांतील बळ जाऊन शिडी चढवत नाही.

उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत येथे फसवी ठरते. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढेच समजते. माणूस बेशुद्ध होईल इतका हा वायू असतानाही कंदील जळतच राहतो. आणि पेट्रोलची वाफ साचलेली असल्यास भडका उडतो, तो निराळाच.

इंजिन विहिरीत मुळीच ठेवू नये. खोल पाण्यासाठी विजेचा पाणबुडी पंप बसवावा. इंजिन बंद पडले म्हणून पाहावयास उतरणेही तितकेच धोक्याचे, कारण धूर आतच कोंडलेला असतो. कोणी आत बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागोमाग उडी घेऊ नये. असे करणारा दुसरा बळी ठरतो. ११२ वर कळवून अग्निशमन दलास बोलवावे. बाहेर काढलेल्या माणसास शुद्ध आली तरी ऑक्सिजनसाठी तात्काळ रुग्णालयात न्यावे.