राजाही आपला, चाकरही आपला!
जुन्नर-आंबेगावच्या राजदरबारी वेडाच्या चटपटीत गोष्टी

वर उमरावांचा दिवाणखाना, खाली नोकरांचं स्वयंपाकघर. एवढ्या भांडवलावर इंग्रजांच्या ‘डाऊन्टन अ‍ॅबी’नं जगाला वेड लावलं. २०१० ते २०१५ या काळात ५२ भाग झाले. तरी चाहत्यांचं मन भरेना, म्हणून २०१९, २०२२ आणि २०२५ असे तीन चित्रपट आले. पण राजा आणि चाकर एकाच गोष्टीत पाहण्याची हौस आपल्याला नवी आहे थोडीच! शिवनेरीच्या पायथ्याशी, घोड आणि मीनेच्या काठी ती पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. आणि इथला प्रेक्षक राजाला मुजरा करतो, तसाच राजाच्या माणसावरही जीव ओवाळून टाकतो. पटत नाही? मग वाचा.

१. बाप आणि लेक, चेहरा एकच

‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका २००८ मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे घराघरांत शिवराय म्हणून पोहोचले. नऊ वर्षांनी, २०१७ मध्ये, झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आली. त्यात शंभूराजेही तेच! आधी बाप साकारायचा, मग लेक, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकांनी डोक्यावर घ्यायचं, हे भाग्य फार थोड्या नटांच्या वाट्याला येतं. नावामागचा ‘डॉक्टर’ही शोभेचा नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून त्यांनी एमबीबीएस केलं. आणि नारायणगाव कुठल्या तालुक्यात? जुन्नर. शिवनेरी ज्या तालुक्यात, त्याच!

२. दिवसा संसद, रात्री सिंहासन

मे २०१९ मध्ये कोल्हे शिरूर मतदारसंघातून खासदार झाले. मालिका मात्र फेब्रुवारी २०२० पर्यंत चालली. म्हणजे काही महिने इथल्या मतदारांचा खासदार रोज रात्री टीव्हीवर छत्रपतींच्या वेशात दिसत होता. लढतही घरचीच होती. समोर होते आंबेगाव तालुक्यातल्या लांडेवाडीचे शिवाजीराव आढळराव पाटील. आणखी एक योग पाहा: शिवराय जन्मले तो शिवनेरी आणि शंभूराजांची समाधी आहे ते वढू बुद्रुक, दोन्ही याच मतदारसंघात येतात. बापाची जन्मभूमी आणि लेकाची समाधी एका मतदारसंघात, आणि दोघांची भूमिका करणारा नट तिथलाच खासदार. असं कथानक लेखकानं लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं.

३. घाटात घोडी सुटली!

आपल्या भागात बैलगाडा पळतो तो घाटात. चार बैल, त्यांच्या पुढे भरधाव घोडी, दोन्ही कडांना माणसांची भिंत आणि कर्ण्यावरून गाडामालकांच्या नावाचा पुकारा. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुरू झाली की काही सेकंदांत खेळ खलास! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. बंदी उठली की बारीपुढे घोडीवर बसेन, असा शब्द कोल्हे यांनी निवडणुकीत दिला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात त्यांनी तो पाळला. पडद्यावर घोडा फेकणारा राजा आपल्या घाटात घोडीवर! मग गर्दी काय सांगावी? बैलगाडाप्रेमी आणि मालिकाप्रेमी एकाच कडेला उभे राहून ओरडत होते.

४. दोन हजार वर्षांपूर्वीची पात्रयादी

मालिकेच्या सुरुवातीला नावं झळकतात ना, तशी नावं नाणेघाटात दगडावर कोरलेली आहेत. घाटमाथ्यावरच्या लेण्यात शिरलात की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लेख दिसतो. त्यात सातवाहन राणी नागनिकेच्या काळातले यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांचा तपशील आहे. आता समोरची भिंत नीट पाहा. इथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे रांगेत उभे होते. पुतळे गेले, उरल्या पावलांच्या खुणा. पण डोक्यावरची नावं अजून शाबूत आहेत: राजा सिमुक, राणी नागनिका आणि तिचा राजा सातकर्णी, राजकुमार, महारठी. अख्खा राजपरिवार नावानिशी! बाहेर आलात की मोठा दगडी रांजण दिसेल. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात यात टाकत, असं सांगतात. राजवाड्याचा खर्च कुणाच्या घामावर चालायचा, तेही तिथेच कळतं.

५. गुलाम ज्यानं सुलतान बसवला

‘चाकर ते मालक’ ही कथा जुन्नरनं प्रत्यक्ष पाहिली आहे. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकला गेला आणि हात बदलत दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानं त्याला विकत घेतलं आणि हा मालकही एके काळी हबशी गुलामच होता! पुढे अंबरानं दुसऱ्या मुर्तझाला निजामशाहीच्या गादीवर बसवलं, काही काळ जुन्नरला राजधानी केली आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांशी झुंजत राहिला. भातवडीच्या लढाईत (१६२४) त्याच्या बाजूनं तलवार गाजवणारे सरदार कोण? शहाजीराजे! त्याच शहाजीराजांच्या पुत्राचा जन्म शिवनेरीवर झाला. शिवनेरीचं विश्वासराव घराणं तर भोसल्यांचे व्याही. शिवरायांचे थोरले बंधू संभाजीराजे त्यांचे जावई. एवढ्या नात्यागोत्यांपुढे डाऊन्टनची वंशावळ सोपीच म्हणायची.

६. सुपारी फुटते कुठे? नारायणगावात!

नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. गुढीपाडव्याच्या आसपास इथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीवर फडमालकाचं नाव आणि कलावंतांचे फोटो, आत मॅनेजर वही उघडून बसलेला. गावोगावचे कारभारी येतात, यात्रेची तारीख सांगतात, चहा होतो, घासाघीस होते. वग कोणता, नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, सगळं विचारून घेतात. सौदा जमला की सुपारी ठरली. मग चैत्र-वैशाखात रात्री तमाशा आणि सकाळी हजेरीचा खेळ, असा एकामागून एक गावांचा दौरा. आवडती मालिका आपण घरबसल्या पाहतो. इथे अख्खं गाव वर्गणी काढून राजदरबार आपल्या वेशीवर आणतं. याहून मोठी चाहतेगिरी कोणती?

७. टाळी राजाला, शिट्टी शिपायाला

गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग. वगात राजा असतो, प्रधान असतो, दरबार भरतो. पण प्रेक्षक वाट कुणाची पाहतात? सोंगाड्याची. तो शिपाई असतो, नोकर असतो, कधी गावचा येडबंबू असतो. राजाच्या तोंडावर खरं बोलायची मुभा फक्त त्याला! हीच गंमत वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात उचलली. १९६५ मध्ये ते रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या हवालदारानं दादा कोंडके हे नाव महाराष्ट्रभर केलं. राजा कोण झाला होता, हे फार थोड्यांना आठवत असेल. हवालदार सगळ्यांना आठवतो.

८. विठाबाई: खरी सम्राज्ञी

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील आणि चुलते भाऊ-बापू यांचा फड गाजलेला. भर कार्यक्रमात कळा सुरू झाल्या, विठाबाई आडोशाला गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहायला निघाल्या. हा प्रसंग आजही गावोगाव सांगितला जातो, आणि प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवला हेही सांगितलं जातं. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २००२ मध्ये त्या गेल्या. आज तमाशातल्या जीवनगौरवासाठी राज्य सरकार देतं तो पुरस्कार त्यांच्या नावाचा आहे आणि कन्या मंगला बनसोडे यांनी फडाचा वारसा पुढे नेला.

९. देवच झाला चाकर

आंबेगाव तालुक्यात नागापूरजवळ थापलिंगचा खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला यात्रा, भंडाऱ्याची उधळण आणि घाटात बैलगाडे. या देवाची जागरणात गायली जाणारी कथा कोणत्याही राजवाड्याच्या मालिकेला भारी पडते. जेजुरीचा राजा खंडोबा सारीपाटाचा डाव हरतो, बारा वर्षं राजवाडा सोडतो, वेश पालटून धनगरवाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरं राखतो आणि बाणाईला घेऊन परततो. मग पहिली पत्नी म्हाळसा आणि बाणाईची जुगलबंदी! वाघ्या-मुरळीनं शेकडो रात्री जागवलेली हीच कथा २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ म्हणून झी मराठीवर आली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा, ईशा केसकर बाणाई. घरोघरी दोन तट पडले: एक म्हाळसेचा, एक बाणाईचा. मालिका २०१७ पर्यंत चालली, पण तो वाद अजून मिटलेला नाही.

१०. राजाचा पोशाख, चाकराचं काळीज

आपल्या इतिहासपटांतले सगळ्यांत जास्त रडवणारे प्रसंग आठवा. सिद्दी जौहरचा वेढा, साल १६६०. पन्हाळ्यावरून निघालेल्या दुसऱ्या पालखीत शिवरायांच्या वेशात बसलेला शिवा काशीद. आग्रा, साल १६६६. राजांच्या जागी पांघरूण घेऊन निजलेला हिरोजी फर्जंद आणि पाय चेपत बसलेला, लोकमनात कायमचं घर केलेला मदारी. ‘पावनखिंड’ (२०२२) चित्रपटगृहात लागला तेव्हा शिवा काशीदच्या प्रसंगाला डोळे पुसणारे प्रेक्षक सगळीकडे होते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ कादंबरीतला माधवराव पेशव्यांचा सेवक श्रीपती आठवा. शंभूराजांना दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ आठवा. इंग्रजांच्या मालिकेत नोकर चांदीची भांडी घासतो आणि घराण्याची अब्रू राखतो. आपल्याकडे तो राजासाठी मरणाला सामोरा जातो.

११. वर किल्ला, खाली स्टुडिओ

डाऊन्टनच्या चाहत्यांनाही चकित करणारी गोष्ट: दिवाणखाने हॅम्पशरच्या हायक्लिअर कॅसलमधले खरे आहेत, पण नोकरांचं स्वयंपाकघर लंडनच्या ईलिंग स्टुडिओत उभारलेलं होतं. खालून निघालेलं ताट वर पोहोचायला दुसऱ्या गावातलं चित्रीकरण लागायचं! आपला शिवकाळ उभा राहिला तो नितीन चंद्रकांत देसाई यांच्या कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत. पण जुन्नरकरांची चंगळ अशी की त्यांना सेटची गरजच नाही. सात दरवाजे ओलांडून शिवनेरी चढा, शिवाई देवीला हात जोडा, शिवजन्माची वास्तू पाहा. १९ फेब्रुवारीला तिथे पाळणा हलतो आणि गावोगावची पोरं शिवज्योत घेऊन पळत निघतात. आपल्या नायकाच्या जन्मस्थळापासून घरापर्यंत धावत जाणारे चाहते दुसरीकडे दाखवा!

१२. रमाबाई ते जिजाऊ

१९८७ च्या ‘स्वामी’ मालिकेत माधवरावांच्या रमाबाई झाल्या होत्या मृणाल देव. तीच मुलगी पुढे मृणाल कुलकर्णी या नावानं ‘राजा शिवछत्रपती’त जिजाऊ झाली आणि ‘पावनखिंड’मध्येही. आजी, आई आणि नात, तिघींनी त्यांना आपापल्या वयात पाहिलं. घरातल्या तीन पिढ्यांना एकाच वेळी टीव्हीसमोर बसवण्याची ताकद ऐतिहासिक मालिकेइतकी कशातच नाही.

१३. आता तुमची पाळी

सहल आखायची तर पहाटे नाणेघाट, दुपारच्या आत शिवनेरी, संध्याकाळी नारायणगाव. चैत्रात आलात तर जवळच्या गावची यात्रा गाठा आणि तिकिटाचा तमाशा असेल तर तिकीट काढूनच आत बसा. मालिकेला जाहिराती पोसतात. फडाला फक्त प्रेक्षक पोसतो. एका फडामागे नाचणारी, गाणारी, ढोलकी वाजवणारी, तंबू ठोकणारी, ट्रक चालवणारी किती तरी घरं उभी असतात. गाणी झाली की उठून जाऊ नका, वग शेवटापर्यंत पाहा. सोंगाड्या राजाची खोडी काढेल तेव्हा मोकळेपणानं दाद द्या, कारण हा दरबार त्या दादेवरच चालतो.