पावसाळ्यानंतरची दुर्बीण

जून ते सप्टेंबर महाराष्ट्रातल्या हौशी आकाशनिरीक्षकाची दुर्बीण झाकलेली असते, आणि तिचं सगळ्यात जास्त नुकसान होतं तेही याच महिन्यांत. बंद, दमट हवेत आयपीसच्या भिंगावर बुरशी धरते. वेळीच पुसली तर निभावतं. राहून गेली तर तिच्यातलं आम्ल आधी भिंगावरचा लेप खातं आणि मग काचेवरच डाग पाडतं. म्हणून जाणकार मंडळी आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतात. निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषण्याची त्यांची ताकद संपली, ते बदलायचे. ट्यूब मात्र प्लॅस्टिकमध्ये करकचून गुंडाळू नये. आतली ओल आतच राहते.

नवरात्राच्या सुमारास आकाश उघडायला लागतं आणि ट्यूबमध्ये टॉर्च मारून पाहिलं जातं. इथेच नवखा माणूस घाबरतो. टॉर्चच्या तिरक्या उजेडात चांगला आरसाही धुळीने माखलेला दिसतो. प्रत्यक्षात थोड्या धुळीने प्रतिमेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही, चुकीच्या हाताने पुसलेल्या आरशावरचे ओरखडे मात्र कायमचे राहतात. काचेवरचा अॅल्युमिनियमचा थर साधारण एका मिलिमीटरचा दहा हजारावा भाग एवढाच जाड असतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलच्या काळी आरसे तांबं आणि कथिलाच्या मिश्रधातूचे असत आणि हवेने काळवंडत. १७८९ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या ४० फुटी दुर्बिणीसाठी दोन आरसे होते. एक दुर्बिणीत बसवलेला असताना दुसऱ्याला पुन्हा पॉलिश करता येई. त्या मानाने आजच्या आरशाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. काही वर्षांतून एकदा धुतला तरी त्याचं भागतं.

धुण्याची वेळ खरोखरच आली, तर अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवायचं. प्लॅस्टिकच्या टबात तळाला टॉवेल, त्यावर आरसा, चमकती बाजू वर. सुरुवातीला नुसत्या कोमट पाण्याची धार सोडायची. टोकदार कण वाहून जाईपर्यंत बोट लावायचं नाही, कारण ओरखडे हेच कण पाडतात. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्यात आरसा भिजू द्यायचा. मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल कापसाचा भिजलेला बोळा पाण्याखालीच आरशावरून ओढायचा. दाब द्यायचा नाही, बोळ्याचं स्वतःचं वजन पुरतं. एका ओढीनंतर तो फेकायचा, दुसरा घ्यायचा. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने, म्हणजे नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग राहत नाहीत. मग आरसा कडेवर तिरका उभा करायचा आणि वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

हा संयम सगळ्यात सहज जमतो तो स्वतः आरसा घासलेल्यांना. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. अशा कार्यशाळेत काचेवर काच घासत, कार्बोरंडमच्या जाड पुडीपासून सेरियम ऑक्साइडच्या पॉलिशपर्यंत जो गेला, त्याला आरशाच्या पृष्ठभागाची किंमत सांगावी लागत नाही.

आरसा परत बसवला की कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे आणि आयपीस एका रेषेत आणणं. जुन्या फिल्मच्या डबीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक पाडलं की ते फोकसरमध्ये बसवून आत डोकावता येतं. मुख्य आरशाच्या मध्यावर फाइलच्या कागदांना लावतात तसली गोल चिकटपट्टी असते. ती दुय्यम आरशाच्या सावलीतच येत असल्याने प्रकाश अडत नाही. मागचे तीन स्क्रू अगदी थोडे-थोडे फिरवत ती चकती भोकाच्या प्रतिबिंबाभोवती नेमकी आणायची. खरी परीक्षा रात्री, ध्रुवताऱ्यावर. तो जवळजवळ हलत नाही, त्यामुळे हाताने फिरवायच्या दुर्बिणीलाही सोपा. फोकस किंचित बिघडवला की कड्या दिसतात. त्या एककेंद्री नसतील तर पुन्हा स्क्रू.

आता सुधारणा. पैसे हातात आले की बहुतेकांची धाव जास्त वर्धनाच्या आयपीसकडे जाते. आधी बैठक बघावी. जॉन डॉब्सनने १९६०च्या दशकात सॅक्रमेंटोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात साधू असताना जहाजांच्या खिडक्यांच्या काचा, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड यांपासून दुर्बिणी घडवल्या. त्याच्या नावाने ओळखली जाणारी साधी बैठक आज जगभरच्या गच्च्यांवर आहे. ती अडखळत असेल तर तळाच्या फळीला खडबडीत सनमायका आणि टेफ्लॉनचे तीन तुकडे लावले की हालचाल सुटी होते. ट्यूब ढकलावी तेवढीच सरकते, सोडली की थांबते. जास्त वर्धनातही शनी हातातून निसटत नाही.

दुसरा स्वस्त उपाय कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा. डिसेंबर-जानेवारीत घरातून गच्चीवर नेलेला आरसा हवेपेक्षा गरम असतो आणि गुरू उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. पंखा आरशाच्या मागे लावून दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवली की तोच गुरू त्याच आयपीसमधून पट्ट्यांसह दिसतो. पंख्याचे स्क्रू थेट आवळू नयेत, मध्ये रबराच्या चकत्या घालाव्यात, नाहीतर त्याची थरथर प्रतिमेत उतरते.