आपलं लिहिलेलं वाचणार कोण?



मागच्या महिन्यात एका गावच्या गटसभेला गेले होते. हप्ते गोळा झाले, इतिवृत्तावर सह्या झाल्या, चहा आला. तेव्हा कोपऱ्यातून एक ताई म्हणाली, "मॅडम, मी रोज व्हॉट्सॲपवर काही ना काही लिहिते, पण वाचतंय कोण? दोन अंगठे येतात, त्यातला एक माझ्या भाच्याचा." सगळ्या हसल्या. मी पण हसले, पण मनात म्हटलं, बाई, मी याच वाटेनं आलेय. म्हणून आज याच विषयावर बोलते.

टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, आपल्या सभा बंद पडल्या. तेव्हा मी फोनवर लिहायला लागले. पण लिहायचे कसं? "सर्व सदस्यांना कळविण्यात येते की..." बीए झालेली बाई, त्यात हाताला परिपत्रकांची सवय! मोबाईलची तीन पानं भरतील एवढा मजकूर. कुणी चकार शब्द काढायचं नाही. मला वाटायचं, बायकांना वाचायचा कंटाळा.

मग उन्हाळ्यात माझ्या कुरडया बिघडल्या. गहू तीन दिवस भिजत घातले होते, पाणी रोज बदलायचं असतं, ते दुसऱ्या दिवशी राहून गेलं. चीक आंबूस झाला, वास मारायला लागला. सासूबाईंनी जे ऐकवायचं ते ऐकवलं. संध्याकाळी मी चिडून सात-आठ ओळी लिहिल्या, जसं घडलं तसं. शेवटी विचारलं, "आता या चिकाचं करू काय?" रात्रीपर्यंत अकरा जणींची उत्तरं! एकीनं तर बोलून पाठवलं, कारण तिला लिहिता येत नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. बायका वाचत होत्या, माझं परिपत्रक वाचत नव्हत्या. एका वेळी एकच गोष्ट, आपल्या हातून घडलेली, आणि शेवटी एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर आपल्याला खरंच हवं आहे. "कसं वाटलं नक्की सांगा" हा काही प्रश्न नव्हे. त्याला अंगठाच येणार.

पहिल्या ओळीचंही तसंच. फोनवर मेसेज आला की वर दिसते ती पहिली ओळच. तिथं "शुभ सकाळ" आणि चार फुलं असली तर पुढचं कोण उघडणार? तिथंच मुद्दा टाका. "शेळीचं पोट फुगलं तेव्हा मी काय केलं" असं लिहिलं तर शेळीवाली बाई भाकरी थापता थापता फोन उघडते.

वारही ठरवून घ्या. मी सोमवारी आणि गुरुवारी रात्री साडेआठला पाठवते. रोज पाठवलं की लोक म्यूट करतात. आणि महिनाभर काहीच नाही, मग एकदम चार, असं केलं तर विसरतात. दूधवाल्याची वेळ आपल्याला पाठ असते ना, तसं आहे हे.

आता थोडं फोनमधलं सांगते, कारण इथं गोंधळ फार होतो. ग्रुप, ब्रॉडकास्ट लिस्ट, स्टेटस आणि चॅनेल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात, पण तिथं प्रत्येकीचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बाईचा नंबर असा उघडा पडला की रात्री-अपरात्री कुणाचे फोन येतात हे तुम्हाला सांगायला नको. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणी घालता येतात. मेसेज प्रत्येकीला स्वतंत्र जातो, एकमेकींचे नंबर दिसत नाहीत, आणि उत्तर फक्त आपल्याला येतं. लाजणारी बाई इथं बोलते. पण एक अट आहे. तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह पाहिजे, नाहीतर मेसेज पोचतच नाही. माझ्या पहिल्या यादीतल्या अर्ध्या बायकांना काही मिळतच नव्हतं, आणि मी मनातल्या मनात त्यांच्यावर रुसून बसले होते! आता सभेत बसल्या बसल्या मी प्रत्येकीच्या हातानं माझा नंबर सेव्ह करून घेते. वाचक मिळवायचं माझं सगळ्यात उपयोगी काम ते.

स्टेटस चोवीस तासांत निघून जातं, आणि तिथंही दोघींकडे एकमेकींचा नंबर लागतो. चॅनेल आपल्याकडे २०२३ साली आलं. त्यात वाचणाऱ्यांना तुमचा नंबर दिसत नाही, कितीही अनोळखी माणसं जोडली तरी. शेवया-पापडाची विक्री करणाऱ्या गटांना ते चांगलं. पण गप्पा मारल्यासारखं तिथं होत नाही, म्हणून मी काही त्यात रमले नाही.

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचं काय? त्यांना सोडून वाचक मोजायचे नसतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या कामं करता करता म्हणायच्या, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ते टिपून ठेवलं, आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक झालं. तेव्हा एकीनं सांगायचं आणि दुसरीनं लिहायचं यात कमीपणा कसला? फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी ठेवून बोललं की अक्षरं उमटतात. आपल्या बोलीतले शब्द ते चुकवतं, "जाऊबाई" म्हटलं तर भलतंच काही लिहितं, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या. आमच्या तीन गटांत तर सभेच्या शेवटी एक जण आठवड्याचं लिखाण मोठ्यानं वाचते. फोन एकीचा, कान वीस जणींचे.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय, पण ते सांगितल्याशिवाय हा विषय अर्धा राहील.

आमच्या गटातल्या एका ताईचे मालक वारले. जमीन दिरांबरोबर सामाईक. मालकाच्या हिश्श्याला तिचं आणि मुलांचं नाव लावायचं होतं, म्हणजे वारस नोंद. ती एकटी तलाठ्याकडे गेली. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, हे सगळं जमवलं. अर्ज दिला आणि पोच मागून घेतली. तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हे सगळं तिनं मला सांगितलं आणि मी टाइप केलं. आमच्या साठ बायकांच्या यादीत ते गेलं. इतकी उत्तरं मला आधी कधी आली नव्हती. चार विधवा बायकांनी विचारलं, कागद कुठले लागतात.

मला चढली. वाटलं, हे सगळ्या गावानं वाचलं पाहिजे. तिला न विचारता, तिच्या नावासकट, मी ते गावच्या ग्रुपमध्ये टाकलं. त्यात पुरुष होते. तिचे दीर होते. नोटिशीचे पंधरा दिवस अजून संपायचे होते.

संध्याकाळी दीर तिच्या अंगणात उभा. "घरचं गावभर केलंस" म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं हरकत दिली. मी मेसेज "सर्वांसाठी" डिलीट केला, पण तोवर तो पुढे गेला होता, आणि पुढे गेलेली प्रत आपल्या डिलीटनं जात नाही. सरळ होणारी नोंद वादात गेली, सुनावण्या झाल्या. नाव शेवटी लागलं, पण कितीतरी महिन्यांनी, आणि तेवढ्या तारखांना मजुरी बुडवून.

मी माफी मागायला गेले तेव्हा ती चुलीपुढून उठली पण नाही. म्हणाली, "ताई, तुम्हाला वाचक पाहिजे होते. मला नोंद पाहिजे होती."

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. दुसरीची हकिगत असेल तर पाठवण्याआधी तिला वाचून दाखवते, आणि विचारते की नाव घालू का, गाव घालू का, कुणाकुणाला पाठवू. काम अजून चालू असेल तर निकाल लागेपर्यंत थांबते. कुणालाही न विचारता ग्रुपमध्ये ओढत नाही. तुम्हीही आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये, गोपनीयतेत, ग्रुपच्या जागी "माझे संपर्क" करून ठेवा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला कुठल्याही ग्रुपात घालू शकणार नाही.

बरेच जण विचारतात, आमचं लिहिलेलं दुसरा नाव काढून पुढे पाठवतो, त्याचं काय? होतं तसं. व. पु. काळ्यांनी कधी न लिहिलेलं त्यांच्या नावावर फिरतं, तिथं आपलं काय! नाव खाली शेवटी लिहिलं की ते पहिलं कापलं जातं. मजकुराच्या मधेच लिहा, "आमच्या सावित्री गटात परवा असं झालं" असं, म्हणजे कापायला कष्ट पडतील. काही जणी मजकुराचा फोटो करून टाकतात. पण रेंज नसलेल्या वस्तीवर फोटो उघडत नाही, तिथं साधी अक्षरंच पोचतात. मी तरी पोचण्याला आधी बघते.

आणि आकड्यांच्या मागे फार लागू नका. माझ्या यादीत आज दोनशेच्या आत बायका आहेत. कोण थांबलं ते मी बघते. एखादी नेहमी उत्तर देणारी दोन आठवडे गप्प झाली तर मी तिला फोन लावते. एकदा अशी एक बाई दवाखान्यात होती, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

ती वारस नोंदवाली ताई? चार महिने तिनं माझ्याशी लिखाणाचा विषय काढला नाही. मग एक दिवस सभेत स्वतःच म्हणाली, हरकतीच्या सुनावणीला काय विचारतात ते बायकांना कळलं पाहिजे. आता ती स्वतः माइकवर बोलून लिहिते आणि मला आधी पाठवते. परवा सुनावणीच्या कागदांबद्दलचा तिचा मजकूर आला. वर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "गटात टाका. गावात नको."