अकरा महिन्यांचा कागद

वैद्यकीय महाविद्यालयात जागेचा करार कसा वाचावा, हे कोणी शिकवीत नाही. तो धडा मला जांबोटीने दिला.

एम.डी. झाल्यावर बेळगाव-चोर्ला रस्त्यावरील या गावी मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या. करार ११ महिन्यांचा, अनामत सहा भाड्यांची, विजेचा मीटर मालकांच्या नावावर. तिसऱ्या महिन्यापासून कुरबुरी सुरू झाल्या. ओसरीवर चपला नकोत, दुपारी मुलांचे रडणे नको, भाडे आत्ताच वाढवा. शब्दाने शब्द वाढला आणि पावसाळ्यातील एका शनिवारी रात्री मालकांनी मेन स्विच बंद केला.

सोमवारी सकाळी फ्रिजमधील तापमापी २१ अंश दाखवीत होती. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवाव्या लागतात. तोंडावाटे द्यायची पोलिओची लस तर उष्णतेला फारच नाजूक. साऱ्या कुप्या टाकून दिल्या. पैशांपेक्षा भीती निराळीच होती. निकामी झालेली लस बहुधा चांगल्या लसीसारखीच दिसते. मी तापमापी पाहिली नसती तर आई निश्चिंत होऊन घरी गेली असती आणि मूल मात्र असुरक्षित राहिले असते. त्याच दिवशी जागा सोडण्याचे ठरवले.

पुढे एका वकील मित्राने कायदा समजावला. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यान्वये सक्तीची असते, म्हणून हा ११ महिन्यांचा प्रघात. कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा व्यवसायाच्या १४ चौरस मीटरहून मोठ्या जागांना लागू नाही; म्हणजे आपले बहुतेक दवाखाने त्याबाहेर. तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा पाहावा लागतो. महिनेवारी भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस पुरते. पण मुदतीच्या करारात सुटकेचे कलम नसेल तर मुदत दोघांनाही बांधते. मात्र भाडे देणाऱ्याला जागेचा निर्वेध उपभोग मिळावा, ही मालकाची जबाबदारी हाच कायदा मानतो. अनामत जप्त करण्याची अट असली तरी १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार वाजवी भरपाईच मागता येते.

हे ठाऊक नसल्याने मी रागाच्या भरात आठ दिवसांत, नोटीस न देता निघालो. निम्मी अनामत गेली. त्याचे दुःख लवकर ओसरले. दुसरे ओसरले नाही. कणकुंबीकडील एका वाडीवरून एक माउली दम लागलेले मूल घेऊन भर पावसात आली आणि कुलूप पाहून तशीच बेळगावला गेली. मूल बचावले. महिन्याभराने गावातील माझ्या नव्या जागेत ती आली आणि शांतपणे म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दारावर निदान चिठ्ठी तरी लावायची होती."

म्हणून नव्या डॉक्टर मित्रांना विनंती: दोन्ही बाजूंना महिन्याच्या नोटिशीने सुटता येईल असे कलम घाला. वीजमीटर स्वतंत्र घ्या. त्रासाची नोंद तारखेनिशी, लेखी कळवून ठेवा. निघताना चाव्या आणि हिशेब यांची पोच घ्या. आणि रुग्णांना सर्वांत आधी सांगा.

आपल्या समाजात जागा भाड्याने देणारेही पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की दवाखान्याचा स्विच बंद करताना अंधार एकट्या भाडेकरूच्या वाट्याला येत नाही.