ऊस कोण ओढतो : बैलगाडी ते जोडट्रॉली

प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरे झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यात ऊस वाढत गेला. तोडलेला ऊस थांबला की वजन घटते, साखरही उतरते. म्हणून फडातून निघालेली मोळी लवकरात लवकर गव्हाणीत पडावी लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा त्याची गाळपक्षमता रोज 500 टन होती. एवढा माल रोज कारखान्यापर्यंत ओढून आणायचा होता.

आधी ते काम बैलगाडीचे होते, पण तिचे लोखंडी धावेचे चाक काळ्या रानात रुतत असे. रबरी टायर आल्यावर त्याच बैलजोडीला बराच जास्त ऊस ओढता येऊ लागला. टायरमुळे ओढणे हलके झाले, थांबवणे मात्र झाले नाही. गाडीला सहसा ब्रेक नसतो. उतारावर सारा भार बैल मानेवर आणि खुरांवर तोलतात, आणि डांबरावर नाल घसरते. वाढलेल्या भाराची किंमत जनावरानेच मोजली आहे.

पुढे ट्रॅक्टर आला. स्वतःवर माल न घेता मागचे ओढायचे, यासाठीच तो बनलेला. खालच्या गिअरमध्ये त्याची ओढ मोठी असते. पण सुमारे दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागतात आणि त्यांतला ऊस त्याच्या कैक पट भरतो. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चढाला पुढची चाके उचलतात. चंदनापुरी किंवा इमामपूर घाटासारख्या उतारावर ट्रॉल्याच ट्रॅक्टरला ढकलतात आणि वळणावर त्याला आडवा करू शकतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीची एकूण लांबी 18 मीटरच्या आत हवी, असा केंद्रीय नियम आहे. पण लांबी मोजल्याने भार हलका होत नाही. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते. ऊस वेळेवर पोचला, एवढ्यावरून ही वाहतूक यशस्वी म्हणता येत नाही.

ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड, हा हिशेब कारवाँ, म्हणजे मोटारीमागे जोडायचे फिरते घर, ओढू पाहणाऱ्या लहान एसयूव्हीलाही लागू पडतो. युरोपात ब्रेक नसलेल्या ट्रेलरला 750 किलोची मर्यादा आहे. ब्रिटनमध्ये नवख्या चालकाला कारवाँचे वजन मोटारीच्या 85 टक्क्यांत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे 1,250 किलोच्या गाडीमागे सामानासह जेमतेम 1,060 किलो, तेही कंपनीने ठरवलेली ओढमर्यादा तेवढी असेल तर. सपाट रस्त्यावर असा हलका कारवाँ जमेल. घाटात इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा कारवाँचे स्वतःचे ब्रेक आणि हुकावरचा भार यांना जास्त महत्त्व येते.

उसाची बैलगाडी अजून संपलेली नाही. इस्लामपूरच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी 2022 मध्ये बैलगाडीच्या दांडीखाली आधाराचे तिसरे चाक बसवले. त्याने मानेवरचे ओझे कमी होते. उतारावर गाडी अडवण्याचे काम मात्र बैलांकडेच राहते.